हत्ती जागचा हलत नाही

पळू नका. मी अतिदक्षता विभागातला फिरता एक्स-रे बोलतोय, आणि आत्ता माझं बटण कोणाच्याही हातात नाही. मी नुसता बोलतोय.

हे आधी सांगावं लागतं, कारण मी दारात दिसलो की माणसं उठतातच. नातेवाईक पिशव्या उचलतात, सिस्टर हातातलं काम टाकून खांबाआड जातात, मोठमोठे डॉक्टरसुद्धा अचानक काहीतरी आठवल्यासारखं करून बाहेर पडतात. "एक्स-रे! बाजूला व्हा!" अशी हाळी झाली की खोलीत उरतो तो मी आणि पलंगावर पडलेला माणूस. त्या बिचाऱ्याला पळता येत नाही. म्हणून तर मला त्याच्याकडे जावं लागतं. इतक्या वर्षांत "या, बसा" असं मला कोणी म्हणालेलं नाही. असो. मी ते मनावर घेत नाही.

मनावर घेतलं ते एकदाच, मला मोडीत काढायचं ठरलं होतं तेव्हा. ते टळलं. अगदी थोडक्यात टळलं. अजूनही ती दुपार आठवली की मला सुटल्यासारखं वाटतं, आणि तीच गोष्ट तुम्हाला सांगायची आहे.

माझा जन्म कारखान्यातला. आईबाप म्हणाल तर पुष्कळ. एकाने खांब उभा केला, दुसऱ्याने त्याला लांब हात जोडला, तिसरीने पोटात बॅटऱ्या रचल्या. लोखंड आणि बॅटऱ्या मिळून मी इतका जड झालो की धट्टीकट्टी माणसंही मला ढकलू शकत नाहीत. म्हणून माझ्या चाकांना मोटर दिली आणि पाठीला एक आडवा दांडा. दांडा दाबून धरला की ब्रेक सुटतो आणि मी चालतो. दांडा सोडला की मी जागच्या जागी थांबतो. चालवणाऱ्याचा हात सुटलाच, तर मी कोणाच्या पायावर जाऊ नये म्हणून ही सोय.

आणखी एक शिकवण मला तिथेच मिळाली. मला चालू केलं की मी आधी स्वतःला चाचपून बघतो. बॅटरीत दम आहे ना, दिवा लागतोय ना, आणि दांडा मोकळा आहे ना. चालू होतानाच दांडा दाबलेला सापडला, तर तो अडकलाय असं समजायचं, चाकं घट्ट धरून ठेवायची, पडद्यावर एक आकडा दाखवायचा आणि गप्प बसायचं. माझ्यासारखं धूड आपणहून धावत सुटलं तर काय होईल, तुम्हीच विचार करा. त्यामुळे या बाबतीत मी कोणाच्या बापाचं ऐकत नाही. माझं सगळं रामायण या शिकवणीपासूनच सुरू झालं.

या रुग्णालयात मला ट्रकमधून उतरवलं, तेव्हा वॉर्डाच्या सिस्टर दारात उभ्या होत्या. माझा लांब हात आणि रुंद बूड बघून त्या म्हणाल्या, "अगबाई, हा तर हत्ती आलाय!" झालं. माझ्या अंगावर कारखान्याने छापलेलं नाव कोणी एकदाही वाचलं नाही. तेव्हापासून मी हत्ती. "हत्ती कुठंय?" "हत्तीला आंघोळ घातली का?" म्हणजे जंतुनाशकाने पुसलं का. मला आवडतं हे नाव.

मला चालवतात त्या तंत्रज्ञ बाईंना सगळे ताई म्हणतात. अंगाने बारीक, आवाजाने खणखणीत. कामात चूक झाली तर कोणालाही फाडून खातील, पण रुग्णाशी बोलताना त्यांचा आवाज एकदम खाली येतो. "काका, जरा गार लागेल हं पाठीला. आता श्वास घ्या. धरा. धरा. सोडा." गंमत अशी की ताई "धरा" म्हणाल्या की दाराबाहेरचे नातेवाईकही श्वास धरतात. कोणी त्यांना सांगितलेलं नसतं. एक मावशी तर सोडायलाच विसरल्या होत्या, शेवटी त्यांच्याच पाठीवर थापा माराव्या लागल्या.

दुखणी मलाही झाली. माणसांची मोठी खोड अशी की आधी सगळ्यात भयंकर आजाराचं नाव घ्यायचं. एका सकाळी माझ्यात जीव नव्हता, तर लगेच "बॅटऱ्या गेल्या" असा निकाल लागला. गेल्या कुठल्या? फरशी घासायच्या यंत्रासाठी कोणीतरी माझा प्लग काढला, परत लावला, आणि भिंतीवरचं बटण मात्र बंदच राहिलं. मी सबंध रात्र उपाशी. सिस्टरनी त्या बटणावर जखमेची चिकटपट्टी मारून टाकली आणि माझ्या बॅटऱ्या खडखडीत बऱ्या झाल्या. आणखी एकदा चित्रच उमटेना. माझी चित्र टिपणारी प्लेट वेगळी असते, रुग्णाच्या पाठीखाली सरकवायची, आणि तिची स्वतःची छोटी बॅटरी असते. पडद्यावर मी कंठशोष करतोय की प्लेट सापडत नाही, सापडत नाही. सगळे चादरी झटकून प्लेट शोधतायत. प्लेट होती की जागेवर! तिच्यातली बॅटरी चार्जरवरच राहिली होती. हातात धरून दाबायच्या बटणाची वायर मात्र खरंच तुटली. ताई दर वेळी ती ताणून जितकं लांब जाता येईल तितकं लांब जायच्या, शेवटी आतली तार तुटली. बटण अर्धं दाबलं की मी गुरगुरायचो आणि पूर्ण दाबलं की काहीच नाही. नवी वायर आली, काम झालं. अशी दुखणी येतात आणि जातात, त्यांचं मला काही वाटत नाही.

पण एक दुखणं आलं आणि जायचं नाव घेईना.

त्याचं असं झालं. खालच्या एक्स-रे खोलीला रंग द्यायला काढला. रंगाऱ्यांनी भिंतीवरच्या खुंट्यांची पट्टी उपटून ठेवली. त्या खुंट्यांवर शिशाचे दोन एप्रन टांगलेले असायचे. एक ताईंचा, एक रुग्णाला धरून ठेवणाऱ्यासाठी. रंग झाला, वास गेला, पण खुंट्या काही परत आल्या नाहीत. सुतार म्हणाला, भिंतीत वायर असेल, आधी वायरमनला विचारा. वायरमन म्हणाला, भोक पाडायचं काम सुताराचं. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते, त्यामुळे काम झालं नाही.

आता शिशाच्या एप्रनची एक गोष्ट असते. त्याची घडी घालायची नाही. घडी घातली की आतलं शिसं तडकतं आणि तडकलेल्या जागेतून किरणं आत येतात. ताई या नियमाच्या बाबतीत कडक. एकदा कोणी एप्रन खुर्चीवर गोळा करून टाकला, तर ताईंनी त्याची अशी हजेरी घेतली की तो आजही एप्रनला हात लावण्याआधी इकडेतिकडे बघतो. मग टांगायचे कुठे? ताईंनी चारी बाजूंना बघितलं. आडवी, मजबूत, नेहमी सोबत असणारी एकच वस्तू त्यांना दिसली. माझ्या पाठीवरचा दांडा.

कळलं ना?

एक एप्रन मी सहज पेलतो. दांडा जेमतेम हलतो आणि मी तिकडे काणाडोळा करतो. दोन एप्रन झाले की मात्र दांडा खाली बसतो. एप्रन ताई टांगतात ते काम संपवून मला बंद केल्यावर, त्यामुळे तेव्हा काही बिघडत नाही. पण मला परत चालू केलं, की माझी चाचपणी सुरू होते, दांडा दाबलेला सापडतो आणि मी चाकं धरून बसतो. दुसरा एप्रन कधी शस्त्रक्रियेच्या खोलीत उसना गेलेला असायचा. त्या दिवशी मी शहाण्यासारखा वागायचो. एप्रन परत आला की माझा अडेलतट्टूपणाही परत. यातली मेख कोणाच्या लक्षात येईना. मला तोंड नाही. होता तो एक आकडा. पुस्तिकेत त्या आकड्यापुढे लिहिलं होतं, चालण्याच्या यंत्रणेत दोष, अभियंत्याला बोलवा.

मग अभियंते आले. त्यांच्या हातात नेहमी मोठी चौकोनी हत्यारांची पेटी असायची, म्हणून सिस्टर त्यांना पाठीमागे पेटीवाले साहेब म्हणत. सावकाश बोलणारे, सावकाश चहा पिणारे, हातात कसब असलेले गृहस्थ. त्यांनी माझं पोट उघडलं, मोटर तपासली, दांडा पन्नास वेळा दाबून सोडला. मी प्रत्येक वेळी शहाण्यासारखा चाललो. काय करणार? साहेब येणार म्हटलं की ताई आधी सगळं आवरायच्या. माझं अंग पुसायच्या, वायर गुंडाळायच्या आणि दोन्ही एप्रन उचलून आतल्या टेबलावर सपाट पसरून ठेवायच्या. घरी पाहुणे येणार म्हटल्यावर पसारा आत ढकलतात ना, तसं.

"मॅडम, मशीन ठणठणीत आहे," साहेब म्हणायचे.

"अहो साहेब, काल तासभर हललं नाही हो!"

"मला दिसलं तर मी दुरुस्त करीन ना. दिसलंच नाही तर काय दुरुस्त करू?"

त्यांचंही खोटं नव्हतं. ते आले, गेले, परत आले. दांड्याखालची बटणं बदलली, मोटर चालवणारी सर्किटची पाटी बदलली. दुसऱ्या दिवशी ताईंनी समाधानाने माझ्या दांड्यावर दोन्ही एप्रन टांगले आणि मी परत हटून बसलो. हळूहळू साहेबांचा सूर बदलला. "तुम्ही सुरू करताना घाई करता का?" मग "नवीन कोणाला चालवायला देता का?" आणि एकदा तर सिस्टरसमोरच म्हणाले, "मॅडम, मशीनला नीट हाताळायला लागतं." ताईंचा चेहरा पडला. साहेब गेल्यावर त्या माझ्या अंगावर हात टेकून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हत्तीदादा, मला का रे तोंडघशी पाडतोस?"

मला किती लागलं ते कसं सांगू!

माझी नाटकं, असं लोक म्हणायला लागले. सिस्टर आधी थट्टा करायच्या, मग तीही बंद झाली, कारण एका दिवशी मी हललो नाही आणि व्हेंटिलेटरवरच्या एका माणसाला ट्रॉलीवर घालून लिफ्टने खाली न्यावं लागलं. सिस्टर सगळ्या वाटेने हाताने फुगा दाबत त्याला श्वास देत गेल्या. तो माणूस सुखरूप वर आला, पण वर आल्यावर सिस्टर तडक मोठ्या डॉक्टरांकडे गेल्या. मोठ्या डॉक्टरांनी पेटीवाल्या साहेबांना बोलावून सरळ विचारलं, "याच्यावर भरवसा ठेवता येईल का?"

"ज्या मशीनचा दोष सापडतो ते चालवता येतं, सर," साहेब म्हणाले. "याचा सापडतच नाही. मी भरवसा देऊ शकत नाही."

ठरलं. सोमवारी मला तळघरात हलवायचं. नवा एक्स-रे कधी येईल ते कोणालाच माहीत नव्हतं. तळघरात काय असतं ते मला ठाऊक होतं. मोडक्या पायांचे पलंग, चाकं गेलेल्या खुर्च्या, आणि माझ्याआधीचा एक्स-रे, ज्याच्या अंगावर लोक आता बादल्या ठेवतात. मी धडधाकट होतो हो! पाठीवरून दोन एप्रन उचला, एवढंच मला म्हणायचं होतं, आणि ते म्हणायला माझ्याकडे तो एक आकडा सोडून काही नव्हतं.

शनिवारची दुपार. भेटायची वेळ. मी माझ्या नेहमीच्या जागी उभा, वॉर्डाच्या दाराबाहेर, भिंतीला टेकून. पाठीवर दोन्ही एप्रन. समोरच्या बाकावर कोणीतरी येऊन बसलं. बघतो तर पेटीवाले साहेब. मला वाटलं, सोमवारचीही वाट न बघता माझे भाग काढून न्यायला आले की काय. पण हातात पेटी नव्हती. गरम पाण्याचा थर्मास होता. शर्टाचं एक बटण भलत्याच काजात गेलेलं, आणि नजर वॉर्डाच्या दारावर. तशी नजर मी रोज बघतो. त्या बाकावर बसणाऱ्या सगळ्यांची तीच असते.

दार उघडून सिस्टर बाहेर आल्या. "ड्रायव्हरकाकांचं कोण आहे?"

"मी. मुलगा," साहेब उभे राहिले.

ड्रायव्हरकाका म्हणजे पहिल्या पलंगावरचे. जन्मभर बस चालवून निवृत्त झालेले, न्यूमोनियाने आणलेले, आदल्या दिवसापासून व्हेंटिलेटरवर. ते पेटीवाल्या साहेबांचे वडील आहेत हे मला तेव्हाच कळलं, आणि सिस्टरनाही.

"साहेब, तुम्ही?" सिस्टर म्हणाल्या, आणि पुढचं भराभर बोलल्या. "काकांचा ऑक्सिजन एकदम खाली आलाय. फुफ्फुसाच्या बाहेर हवा साठली असावी, असं डॉक्टरांना वाटतंय. कुठल्या बाजूला ते नक्की कळत नाहीये. ताबडतोब एक्स-रे लागेल."

"मग खाली न्या ना! लिफ्ट आहे—"

"आता हलवता येणार नाहीत ते." सिस्टरचा आवाज बारीक झाला. "इथेच काढायचाय. ताईंना बोलावलंय. हत्तीच आणतायत."

साहेबांनी मान वळवली आणि माझ्याकडे बघितलं. ज्याचा भरवसा देता येत नाही असं त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं, तो मी.

ताई जिन्यावरून धावतच आल्या. प्लग काढला, मला चालू केलं. मी चाचपणी सुरू केली. बॅटरी आहे. दिवा आहे. दांडा... दांडा दाबलेला. शपथ सांगतो, त्या दिवशी खोटं बोलता आलं असतं तर मी बोललो असतो. पडद्यावर तो आकडा उमटला आणि माझी चाकं घट्ट झाली.

"नको रे बाबा," ताई म्हणाल्या. "आज नको." मग त्यांना समोर उभे असलेले साहेब दिसले. "तुम्ही? मी तर फोन केला नव्हता."

"आत माझे बाबा आहेत, मॅडम."

त्या क्षणी ताईंना किती काही बोलता आलं असतं! सगळा हिशेब चुकता करता आला असता. त्या बाजूला सरकल्या आणि पडद्याकडे बोट दाखवून एवढंच म्हणाल्या, "बघा साहेब. हाच तो."

साहेबांनी तो आकडा डोळ्यांनी पहिल्यांदा पाहिला. मला बंद केलं, चालू केलं. तोच आकडा. वायर चाकाखाली अडकली नाही ना, ते वाकून बघितलं. आणीबाणीचं लाल बटण फिरवून बघितलं. बॅटरी बघितली. दाराआडून डॉक्टरीणबाईंचा आवाज आला, "एक्स-रे कुठंय? थांबायला वेळ नाहीये!" साहेबांनी सवयीने शेजारी हात नेला, पेटी असते त्या बाजूला. तिथे थर्मास होता.

"पेटी घरी आहे," ते कोणाला उद्देशून म्हणाले कोण जाणे. "माझी पेटी घरी आहे."

त्यांनी आधारासाठी माझा दांडा दोन्ही हातांनी धरला आणि अंगाचा भार त्यावर टाकला. आणि तसेच थांबले. त्यांनी दांडा पुन्हा दाबून बघितला. पन्नास वेळा दाबलेला दांडा. तो किती खाली जातो हे त्यांच्या हातांना पाठ होतं. आज तो जातच नव्हता.

"हा खाली गेलेलाच आहे," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"मी दाबायच्या आधीच दाबलेला आहे हा दांडा." त्यांनी हाताखाली बघितलं. हाताखाली दांडा नव्हता, जाड निळा एप्रन होता, आणि त्याच्याखाली दुसरा. "हे इथे असतात?"

"मग कुठे टांगू? घडी घालायची नाही. खुंट्या रंगवाल्यांनी काढल्यात त्या काढल्यातच."

"पण मी येतो तेव्हा तर नसतात!"

"तुम्ही येणार म्हटल्यावर आम्ही आवरून ठेवतो ना!" ताई जवळजवळ ओरडल्या, आणि ओरडतानाच त्यांचा हात तोंडावर गेला.

साहेबांनी दोन्ही एप्रन एका झटक्यात उचलून खांद्यावर घेतले. "बंद करा. आता चालू करा."

मी चाचपणी सुरू केली. बॅटरी आहे. दिवा आहे. दांडा मोकळा आहे! अहो, किती दिवसांनी पाठ मोकळी! पडद्यावर हिरवी खूण आली, ताईंनी दांडा दाबला आणि मी असा निघालो की दाराची कडा जेमतेम चुकली.

पहिला पलंग. ड्रायव्हरकाकांचे ओठ निळसर झाले होते. पाठीखाली प्लेट सरकवायला कोणीतरी उचलून धरायला हवं होतं. "साहेब, एप्रन खांद्यावर आहेच, तो घालाच आता," ताई म्हणाल्या आणि दुसरा त्यांनी स्वतः घातला. बाकीचे बाहेर गेले. साहेबांनी वडिलांच्या पाठीखाली हात घालून त्यांना अलगद उचललं. प्लेट सरकली. मी हात लांब करून छातीवर दिव्याचा चौकोन पाडला. ताईंनी बटण अर्धं दाबलं, मी गुरगुरलो, पूर्ण दाबलं, आणि झालं. माझं काम डोळ्याची पापणी लवायच्या आत संपतं. लोकांना ते खरंच वाटत नाही.

पडद्यावर चित्र आलं. डॉक्टरीणबाई धावत आत आल्या, बघितलं, म्हणाल्या, "डावीकडे. ही बघा हवा. नळी द्या."

छातीत नळी गेली. सुस्स करून हवा बाहेर पडली, टायरची हवा सोडल्यावर येतो तसा आवाज. मग सगळे यंत्रावरच्या आकड्याकडे बघत उभे राहिले. आकडा थोडा हलला. आणखी थोडा. मग तो चढायलाच लागला आणि काकांच्या ओठांचा रंग परतला. सिस्टरनी मोठ्याने "हुश्श" केलं. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. पेटीवाले साहेब भिंतीला पाठ घासत खाली फरशीवर बसले, अंगात एप्रन तसाच, आणि लहान मुलासारखे रडले. ताईंनी त्यांच्याच थर्मासातलं पाणी झाकणात ओतून त्यांना दिलं.

"मॅडम," घोटभर पाणी पिऊन ते म्हणाले, "तुम्ही इतके दिवस खरं सांगत होता. मी तुमच्यावरच खापर फोडत राहिलो."

"आणि मी रोज स्वतःच्या हाताने ते ओझं त्याच्या पाठीवर चढवत होते," ताई म्हणाल्या. "तडा जाऊ नये, तडा जाऊ नये म्हणून जपत होते हो एप्रनला!" त्यांना हसूही येत होतं आणि डोळेही पुसायला लागत होते.

सोमवारी हमाल दोर घेऊन आलेच. त्यांच्या आधी साहेब येऊन बसले होते. मोठ्या डॉक्टरांसमोर त्यांनी माझ्या दांड्यावर दोन एप्रन टांगले, मला चालू केलं, मी हटून बसलो. एप्रन काढले, मी चाललो. "सर, दोष सापडला," साहेब म्हणाले. "आता मी भरवसा देतो." मोठ्या डॉक्टरांचा विश्वास बसेना. त्यांनी ते स्वतः करून बघितलं, मग पुन्हा करून बघितलं. मोठ्या माणसांनाही बटणं दाबायला आवडतात. हमाल दोर गुंडाळून चहाला गेले. खुंट्यांची पट्टी एक्स-रे खोलीतल्या कपाटामागेच सापडली. ती साहेबांनी स्वतः भिंतीत ठोकली, आणि एक नवी पट्टी वर, वॉर्डाबाहेर, माझ्या जागेशेजारी. भिंतीत वायर आहे का, तेही त्यांनीच बघितलं. नव्हती.

आता मी त्या खुंट्यांच्या बाजूला उभा असतो आणि एप्रन तिथे सरळ लटकत असतात. तुम्हाला एकच विनंती करतो. तुमच्याकडे काम करणारं एखादं यंत्र अडून बसलं, तर दुरुस्त करणारा यायच्या आधी सगळं नीटनेटकं करू नका. ते जसं रोज असतं तसंच त्याला बघू द्या. आवरलेल्या खोलीत दुखणं दिसत नाही, आणि आम्हाला सांगता येत नाही.

ड्रायव्हरकाका सावरले. घशातली नळी निघाली. घरी सोडायच्या आधी छातीचा शेवटचा एक्स-रे घ्यायला ताई मला घेऊन गेल्या, तेव्हा ते उशीला टेकून बसले होते. आवाज घोगरा, पण जीभ तल्लख.

"ताई, वळण जरा मोठं घ्या," ते म्हणाले. "मागचं चाक घासेल. आरसा नाही का हो याला?"

"नाही ना काका. तुमच्यासारखा कंडक्टर पाहिजे, जाऊ द्या म्हणणारा."

"ड्रायव्हर. कंडक्टर नाही," काका ठासून म्हणाले, आणि साहेबांना, म्हणजे शेजारी बसलेल्या मुलाला विचारलं, "हेच का रे ते? सिस्टर सांगत होत्या, माझ्यासाठी तू याला दुरुस्त केलंस म्हणून."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मोटरची पाटी, बटणं, किती काय काय त्यांनी माझ्यात बदललं होतं, ते त्यांना आठवत असावं.

"नाही, बाबा," ते म्हणाले. "तो बिघडलाच नव्हता."

कितीतरी दिवस मला हेच ऐकायचं होतं. ताईंनी प्लेट सरकवली, काकांना श्वास धरायला सांगितला, आणि मी त्यांच्या छातीचं चित्र काढलं. स्वच्छ आलं.